दादा, क्रोमियमचं उत्तर सापडलं

दादा, ऐक. आधी पूर्ण ऐकून घे, मग काय हसायचं ते हस. क्रोमियमचं उत्तर मला सापडलं!

सापडलं तेव्हा मी वर्गात होते, बारावीच्या. तास संपला तशी जवळजवळ पळतच स्टाफरूममध्ये आले, पर्समधून फोन काढला, तुझं नाव काढलं आणि बटण दाबलंसुद्धा. पलीकडून ती बाई सांगायला लागली की हा फोन बंद आहे, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तू जाऊन नऊ दिवस झालेत. इतका आनंद आणि इतकं रडू एकदम येतं हे मला तिशीत कळलं. समोरच्या सरांनी विचारलं, काय झालं मॅडम? मी म्हणाले, काही नाही, एक गणित सुटलं.

सुतक मला तीनच दिवसांचं. लग्न झालेली बहीण ना मी! तुला अग्नी दिल्यावर चौथ्या दिवशी मी लोणारला परतले आणि पाचव्या दिवशी कॉलेजात उभी राहिले. घरी बसले असते तर वेडी झाले असते. आणि पुढचा धडा कोणता यावा? संक्रमण धातू. तुझा धडा.

तुझाच, कारण मला तो तू शिकवलास. बाबा गेले आणि तू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातून गावी, उंद्रीला परत आलास, भाजीपाल्याला लागलास, पण पुस्तकं काही विकली नाहीस. मी बारावीत, आणि मानक क्षपण विभव या तीन शब्दांनीच मला ताप यायचा. तू वांग्याच्या वाफ्यात बसून, पाणी वळवता वळवता सांगितलंस, "हे पाह्य रेखे, घाबरू नोको. हायड्रोजनले शून्य म्हण. त्याच्या वरचे ते घेणारे, इलेक्ट्रॉन दिसला की वढून घेतात. त्याच्या खालचे ते देणारे. जितका खाली तितका देऊन मोकळा व्हाची घाई. बस, इतकाच खेळ हाये." मग वाळूत काडीनं रेघ मारलीस आणि लिहीत गेलास: तांबं अधिक शून्य पूर्णांक चौतीस, लोखंड उणे चव्वेचाळीस शतांश, जस्त उणे शहात्तर. पाणी आलं आणि जस्त वाहून गेलं. तू पुन्हा लिहिलंस.

त्या तक्त्याला चव कशी असते ते मला तेव्हा कळलं. टायटॅनियमपासून निघायचं आणि एकेक पायरी चालत तांब्यापर्यंत यायचं. आकडे हळूहळू वर चढत जातात, आणि मध्येच मँगनीज धपकन खाली बसतं. लोखंडाच्या अलीकडे असूनही व्हॅनेडियमइतकं खाली! शेवटी तांबं सगळ्या रांगेत एकटंच शून्याच्या वर जाऊन उभं, आणि त्याच्या शेजारचं जस्त पुन्हा खाली. तू म्हणायचास, "सरळ रेघ असती तं मजाच काय होती? जिथं अडखळते तिथं इचारायचं, काऊन." तुझं सगळं शिक्षण त्या एका "काऊन"वर चालायचं. मँगनीज अडखळतं कारण दोन इलेक्ट्रॉन दिले की त्याचे इलेक्ट्रॉन ठेवायचे पाच खण अर्धेअर्धे भरून नीट बसतात. जस्ताचे पूर्ण भरलेले राहतात. तांब्याला अणू सुटा करायला आणि त्यातून दोन इलेक्ट्रॉन काढायला इतकी ऊर्जा लागते की पाण्यात गेल्यावर मिळणारी ऊर्जा पुरत नाही. हे मी आज पंचवीस मिनिटांत सांगते. तू मला चार संध्याकाळी रडवून सांगितलं होतंस.

आणि ती जोडी! दोन अधिक भाराचं क्रोमियम आणि तीन अधिक भाराचं मँगनीज. दोघांच्या त्या खणांत चार-चारच इलेक्ट्रॉन, तरी एक देऊन टाकायला धावतं आणि दुसरं हिसकावून घ्यायला. एकाला तीन उरले की समाधान, दुसऱ्याला पाच झाले की समाधान. मला ते उमगलं तेव्हा मी वाफ्यातच ओरडले होते आणि आई घरातून पळत आली होती, तिला वाटलं साप निघाला.

मी एम.एस्सी. केलं, नोकरीला लागले, आणि शहाणी झाले. इथपर्यंत तू हसत असशील. आता हसू नकोस, कारण इथून पुढचं मी कधी बोलले नाही.

उंद्रीत तुला मोरचूद मास्तर म्हणायचे. टोमॅटोवर करपा रोगासाठीची पहिली फवारणी निघाली की लोक आधी तुला बोलवायचे. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, एक किलो कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, लोखंडी ड्रम वापरायचा नाही, प्लास्टिकचाच. सगळ्यांना पाठ होतं ते. पण शेवटची परीक्षा तुझी. विळ्याचं पातं विटेवर घासून लख्ख करायचं, द्रावणात बुडवायचं, मिनिटभर थांबायचं. पात्यावर तांबूस झाक आली तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना कमी पडला, पानं जळतील. पातं कोरं निघालं तर खुशाल फवारा. आपल्या आजोळच्या माणसांपासून चालत आलेली रीत, पण ती का चालते हे गावात फक्त तुला ठाऊक होतं. लोखंड खाली, तांबं वर. लोखंड देतं, तांबं घेतं, आणि घेतलं की पात्यावर बसतं. तू चारचौघांना आकड्यांसकट सांगायचास आणि रामेश्वर काका म्हणायचे, "आकडे तुया जवळ ठेव बाप्पा, लाल झालं का नाही इतकं सांग."

पहिल्या पगारातून मी तुझ्यासाठी तो चाकू आणला. लांब पात्याचा, चकचकीत, स्टीलचा. गंजका विळा प्रत्येक वेळी विटेवर घासत बसतोस, त्यापेक्षा हा बरा. तू उलटसुलट करून पाहिलास आणि म्हणालास, "रेखे, हे चालीन काय?" मी म्हणाले, "दादा, लोखंडच आहे ना ते! तक्ता काय बदलतो का?" किती ऐटीत म्हणाले मी! नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता.

तू माझ्यावर भरवसा ठेवलास. त्या मोसमात तुझा चुना जुना निघाला, हवा लागून मेलेला. विळा असता तर त्यानं लगेच सांगितलं असतं. चाकूनं काही सांगितलं नाही. पातं कोरं निघालं आणि तू फवारलंस. तीन दिवसांत सगळ्या टोमॅटोच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन गुंडाळल्या. मी रविवारी आले तेव्हा तू बांधावर उभा होतास आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "चुना नीट पाहिला नसशील तू." तू म्हणालास, "हाव. चुना म्याच जुना वापरला." बस. त्यानंतर तुला लोक करपा मास्तर म्हणायला लागले. थट्टेनंच म्हणायचे, पण पुढच्या वर्षी पहिल्या फवारणीला तुला बोलवायला कोणी आलं नाही. ते तुला लागलं होतं. तू दाखवलं नाहीस, पण वहिनी मला म्हणाली होती की त्या दिवशी तू सकाळपासून पायात चपला घालून ओट्यावर बसला होतास.

आणि टोमॅटो जळले त्याच वर्षीच्या भाऊबीजेपासून तुझा तो प्रश्न सुरू झाला. ओवाळून झालं, मी करंजी पुढे केली, तर तू म्हणतोस, "क्रोमियम तक्त्यात कुठी हाये वं?" मी म्हणाले, लोखंडाच्या खाली. "म्हणजे लोखंडापेक्षा देणारं?" हो. "मंग स्टीलच्या चमच्यात क्रोमियम रायते, तरी त्याले गंज काऊन लागत नाही?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं, पृष्ठभागावर ऑक्साईडचा पातळ थर बसतो, तो आतल्या धातूचं रक्षण करतो. तू करंजी मोडलीस आणि म्हणालास, "बरं. मंग?"

मग काय? मग काही नाही. "इचार कर," म्हणालास.

सहा वर्षं, दादा! सहा भाऊबीजा. मध्ये राखीपौर्णिमा वेगळ्या. कधी फोनवर, कधी माझ्या घरी लोणारला आलास तेव्हा. तुला आठवतं, तू आलास आणि मी तुला प्रयोगशाळेत नेलं? पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी दोन चंचुपात्रांत ओतलं. एकात आम्ल, दुसऱ्यात धुण्याचा सोडा, म्हणजे लोणारच्या तळ्यासारखं क्षारीय. दोन्हीत साखर टाकून कोमट केलं. आम्लातला रंग हळूहळू उडून पाणी स्वच्छ झालं आणि सोड्यातल्यात तपकिरी गाळ बसला. मी सांगितलं, आम्लात विभव दीडच्या वर, क्षारात सहा दशांशाच्याही आत, आणि शेवटी हाती येणारा पदार्थही वेगळा. तू लहान मुलासारखा वाकून पाहत होतास. "म्हणजे मँगनीज तेच, साखर तेच, पाणी बदललं तं सारंच बदललं," म्हणालास. मी खूश झाले, की चला, आज शिकवलं याला काहीतरी. आणि तू पात्र खाली ठेवत म्हणालास, "म्हणजे तक्त्यातला आकडा वाचून भागत नाही. त्या ठिकाणी काय हाये तेबी पाहा लागते. मंग आता क्रोमियमचं सांग."

मी चिडले. खरंच चिडले. म्हणाले, एकच काय धरून बसलास, सांगितलं ना तुला, थर असतो! तू म्हणालास, "थर असते ना? मंग त्या थराचं पुढं काय?" आणि मी घड्याळ दाखवलं, तुझी बस निघेल म्हणाले. असा वाद अर्धवट ठेवून मी तुला एसटीत बसवलं. ती तुझी लोणारची शेवटची खेप असेल हे मला काय माहीत.

तर आता ऐक, नवव्या दिवशी काय झालं.

मी वर्गात निळं मोरचूदाचं पाणी घेऊन गेले होते. पोरींना आकडे पाठ करायला लावण्याआधी दाखवावं म्हणून. जस्ताची पट्टी बुडवली, तांबं बसलं. लोखंडी खिळा बुडवला, लाल झाला. आणखी काहीतरी दाखवावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं तर टेबलावर माझा डब्याबरोबरचा फळं कापायचा चाकू होता. स्टीलचा. बुडवला. एक मिनिट, दोन मिनिटं. काही नाही. पुढच्या बाकावरच्या साखरखेर्ड्याच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, हे बी लोखंडच हाये ना? मंग याच्यावर काऊन नाही चढून राह्यलं?"

मी तोंड उघडलं. म्हणाले, यात क्रोमियम असतं. क्रोमियमचं विभव लोखंडापेक्षाही खाली आहे, म्हणजे त्यानं तर आणखी जोरानं द्यायला हवं, पण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साईडचा थर…

आणि तिथं मला तुझा आवाज ऐकू आला. बरं. मंग?

मग तो थर आतल्या लोखंडालाही अडवतो! मग लोखंड इलेक्ट्रॉन देऊच शकत नाही! मग तांबं पात्यावर बसणारच नाही, द्रावणात कितीही मोकळं तांबं असलं तरी! मग पातं कोरं निघणं म्हणजे चुना पुरेसा आहे असा अर्थच होत नाही! मग तो चाकू कधीच, कुठल्याच ड्रममध्ये लाल झाला नसता!

मी फळ्याला पाठ लावून उभी राहिले. पोरी माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांना सांगितलं, दादा, जसं सुचलं तसं सगळं सांगितलं. की तक्ता फक्त ओढ किती ते सांगतो, रस्ता मोकळा आहे की नाही ते सांगत नाही. पाच मिनिटं मी हातवारे करून बोलत होते आणि सगळा वर्ग जागा होता. इतका चांगला तास मी उभ्या आयुष्यात घेतला नसेल. तेव्हा मला फक्त आनंद होता. तो चाकू मी आणला होता हे मनात सरळ उभं राहिलं ते तुझा फोन बंद असल्याचं ऐकल्यावर.

थर मला पहिल्यापासून ठाऊक होता. परीक्षेत त्यावर गुण मिळवले होते मी. फक्त तुझ्या वावरापर्यंत तो नेला नाही. तू विचारलंस तेव्हाही नाही. हुशार होते ना!

परवा तुझी तेरवी झाली. मी ठरवून आले होते. तुला सांगायचं राहिलं, पण गावाला सांगायचं राहायला नको. तुला करपा मास्तर म्हणून जाऊ देणार नव्हते मी. तुला खोटं वाटेल, पण काय बोलायचं ते रस्ताभर मी घोकत आले, नोकरीच्या मुलाखतीला घोकलं नव्हतं इतकं. मांडवात पंगत उठत होती. रामेश्वर काका आणि भाजीपाल्यावाली सगळी मंडळी एका बाजूला पानसुपारी घेऊन बसली होती. बायकांतून उठून मी तिकडे गेले. वहिनीनं पदर ओढला, "काय झालं?" पण मी थांबले नाही.

म्हणाले, "काका, एक सांगायचं आहे. त्या वर्षी दादाचे टोमॅटो जळले ते चुन्यामुळं नाही. म्हणजे चुना जुना होता, पण ते त्याला विळ्यावर कळलं असतं. त्यानं विळ्यानं पाहिलंच नाही. त्यानं स्टीलच्या…"

"चाकूनं पाह्यलं," काका म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे?" मी विचारलं.

"आमाले माहीत हाये ना बाई. त्यानंच सांगतलं. त्याच वर्साले घरोघर फिरला तो. म्हणे, स्टीलनं पाहू नोका, त्याच्यात क्रोमियम रायते, ते लाल होऊ देत नाही. साधा इळाच वापरा. म्या फसलो, तुमी फसू नोका." काकांनी सुपारी गालात सरकवली. "आता उंद्रीत कोणी स्टील लावत नाही ड्रमले. पोट्टे सुदिक नाही लावत."

दादा! तुला त्याच वर्षी कळलं होतं! मला जे कळायला सहा वर्षं लागली ते तुला एका मोसमात कळलं, बी.एस्सी. अर्धवट सोडलेल्या माणसाला! मला त्या मांडवात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी तुझी कॉलर धरून विचारावंसं वाटलं की मग मला का नाही सांगितलंस, शहाण्या?

हे मी बहुतेक मोठ्यानंच म्हणाले, कारण वहिनी मागे येऊन उभी होती आणि तिनंच उत्तर दिलं. "म्या म्हणलं होतं त्याइले, रेखाताईले सांगून द्या म्हणून. तं म्हणे, नोको. ते मास्तरीन हाये. म्या सांगतलं तं तिले वाईट वाटीन आन् विसरून जाईन. तिचं तिले सापडलं तं पोराइले शिकवीन." आणि मग वहिनी रडायला लागली, मांडवात पहिल्यांदाच, आणि मीही.

तू मला दुखवायचं टाळलंस की मला शिकवत होतास? दोन्ही असेल. मला राग येतोय आणि तुझ्यासारखा भाऊ मिळाला म्हणून छाती भरूनही येतेय, आणि यातलं कोणतं आधी म्हणू हे कळत नाही. दर भाऊबीजेला तू माझ्या ताटासमोर बसून वाट पाहिलीस. मी तुला करंजी वाढली आणि विषय बदलला.

पण थांब, अजून एक राहिलं. डोळे पुसून मी काकांना विचारलं, "चाकू कोणी दिला ते सांगितलं होतं का त्यानं?"

"नाही. आमी इचारलं, कुठून आणला बे हा चाकू? तं म्हणे, चिखलीच्या बाजारातून."

"बाजारातून नाही," मी म्हणाले. मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, शेवटच्या पंगतीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मी दिला होता. त्यानं विचारलं होतं चालेल का, आणि मी चालेल म्हणाले होते. चूक माझी होती. त्याची नव्हती."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आन् आमी त्याले…" एवढंच म्हणाले ते, पुढचं नाव त्यांनी उच्चारलं नाही.

दादा, माझा आवाज कापला नाही. एकदाही नाही. सगळ्या उंद्रीनं ऐकलं. फक्त ज्यानं ऐकायला हवं होतं, त्याच्या फोटोकडे पाठ करून मी उभी होते, म्हणून आज हे तुझ्याकडे तोंड करून पुन्हा सांगते: चूक माझी होती रे.